पायसच्या बांधावरच्या चिंबोऱ्या

बाळकुमच्या खाडीकाठी पायसचं भातशेत होतं आणि शेताला खाऱ्या पाण्यापासून वाचवायला त्याच्या आज्याने घातलेला मातीचा बांध. सरकारचा तेव्हा नियम होता की जो शेतकरी स्वतः खपून बांध राखेल, त्याला अर्धा शेतसारा माफ. दरसाल ईस्टरच्या आठवड्यात, पुनवेच्या उधाणाला, ठाण्याहून कारकून यायचे, धोतर सावरत बांधावरून चालायचे आणि माफी मंजूर करून जायचे. पायसच्या बांधाला कधी कुणी नावं ठेवली नव्हती.

यात पायसच्या मेहनतीइतकाच गावाच्या जिभेचा वाटा होता. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, बांधात बिळं करतात आणि बिळांतून पाणी झिरपतं. पण ईस्टरआधीच्या उपासात ख्रिस्ती घरांत मांस बंद पण मासळी चालायची, म्हणून सगळे चिंबोऱ्यांवर तुटून पडत. बांध आपोआप साफ व्हायचा. सरकारला याची गंधवार्ता नव्हती.

मग एका ईस्टरला पायसची एकुलती एक पोर, सुझाना, तापाने फणफणली. वैद्याने हात टेकले. पायस क्रुसापुढे नवस बोलला : पोर वाचली तर पुढच्या ईस्टरपर्यंत माझ्या बांधावरची एकही चिंबोरी मरणार नाही. माणसाने मेणबत्ती बोलावी, कोंबडा बोलावा. पण याला जिभेला सगळ्यात प्रिय तेच द्यायचं होतं. पोर वाचली. गावाने नवसाचा मान राखला आणि पायसच्या बांधाकडे कुणी टोपली घेऊन फिरकलं नाही.

चिंबोऱ्यांना मात्र ही बातमी लागली असावी. वर्षभरात बांधाची चाळण झाली. पायस चिंबोऱ्या जिवंत धरायचा, टोपलीत भरून होडीने पलीकडच्या काठाला सोडून यायचा. बायको सेसिलिया म्हणायची, "तुमच्या आधी त्या परत येतान." खरंच येत असाव्यात.

पाहणीच्या आदल्या दिवशी शेजारचा दगडू आगरी बांधावर आला.

"पायस, नवस तुझा हाय, माझा नाय. तू घरी जा, मी आन् माझी पोरं सांजपर्यंत बांध साफ करतो."

"मी 'मारनार नाय' नाय बोललो. 'मरनार नाय' बोललो."

"अरे, रविवारी नवस फिटतोय! चार दिवस अगोदर मारल्या तर काय बिघडलं?"

पायस बिळावर चिखल थापत राहिला. "गेल्या साली देव चार दिवस अगोदर दमला असता तर?"

 दगडू खाली बसला आणि चिखल मळून देऊ लागला.

दुसऱ्या दिवशी भरती चढली आणि बांध ठिकठिकाणी पाझरू लागला. कारकूनसाहेबांनी जोडे हातात घेतले. खारं पाणी शेतात शिरताना त्यांनी शांतपणे पाहिलं.

"इतकी वर्षं राखलेला बांध यंदाच का रे सोडलास?"

 तेवढ्यात बांधाच्या टोकाकडून सुझाना धावत आली. डोक्यावर चिखलाची टोपली, पाय गुडघ्यापर्यंत बरबटलेले, गाल उन्हाने लालबुंद.

"बाबा, तिकडं पन फुटलाय!" ती ओरडली आणि टोपली ओतून पुन्हा पळाली.

"ती दिसते ना, साहेब," पायस म्हणाला, "तिच्यापायी."

कारकूनसाहेबांनी पळणाऱ्या पोरीकडे पाहिलं, बांधाकडे पाहिलं. त्यांना काही उमगलं नाही. माफी नामंजूर झाली.

त्या साली पायसने सारा पुरा भरला. तलाठी सांगायचा, मिठाने जळालेल्या शेताचा सारा भरून इतका खुशीत घरी गेलेला माणूस त्याने दुसरा पाहिला नाही.