फॅक्समधला काळा फोटो

फॅक्स म्हटलं की मला आजही शिसारी येते. नव्वदच्या दशकात चोपड्याला बस स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर ते मशीन नवंनवं आलं होतं. इकडे कागद घातला की तिकडे धुळ्यात तस्साच कागद बाहेर पडतो, म्हणून लोक नुसतं बघायला जायचे. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, केळीच्या बागेतून उठून गेले ते माझा लग्नाचा बायोडाटा घेऊन. स्थळ धुळ्याचं, मुलगा इंजिनिअर. लग्नानंतर मुलीला पुढे शिकू देऊ, असं त्यांनी कबूल केलं होतं, म्हणून मलाही ते मनापासून हवं होतं. मुलाच्या काकांच्या कचेरीत फॅक्स होता. मग पोस्टात चार दिवस कशाला घालवायचे?

बूथवाला म्हणाला, "आबा, फोटो नका चिकटवू, नीट येत नाही."

"मशीन शे ना? मग जाई!" आबांनी डिंकाने फोटो चिकटवला आणि कागद दिला आत.

तिसऱ्या दिवशी शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला. आमच्याकडे फोन नव्हता, नंबर त्यांचाच दिलेला. शेजारीणबाईंनी ओट्यावरूनच, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "मुलगी फार काळी आहे म्हणे. नको म्हणताहेत."

फॅक्सवर माझ्या तोंडाच्या जागी नुसतं डांबर उतरलं होतं. ते डांबर त्या कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं आणि चहा पिता पिता प्रत्येकाने आपापलं मत दिलं. हे काकांनीच आम्हाला पुढे हसत हसत सांगितलं. शी! माणसं आहेत की कोण?

आबा गप्प बसणाऱ्यातले नव्हते. खरा फोटो खिशात घालून दुसऱ्याच दिवशी एसटीने धुळ्याला गेले आणि येताना काकांनाच सोबत घेऊन आले. मला साडी नेसवून समोर बसवलं. बाजारात वांगी बघावीत तसं काकांनी मला खालीवर बघितलं.

"पोर तर गोरी शे हो! बठ्ठा दोष त्या मशीनना!"

झालं! सगळा दोष मशीनचा ठरला. आईने देवापुढे साखर ठेवली. "मी म्हटलंच होतं, आमची तशी नाहीच मुळी." आणि सांगायला लाज वाटते, पण मलाही आनंद झाला. आपण काळ्या नाही, सुटलो बाई, असा आनंद. त्या कचेरीतल्या लोकांपेक्षा मला त्या आनंदाची जास्त किळस येते.

कारण पोह्यांच्या बशा घेऊन माझी धाकटी बहीण तिथेच उभी होती. ती आबांवर गेलेली, चांगली काळीसावळी. तिने बशा खाली ठेवल्या आणि आत निघून गेली. मी मागोमाग गेले. चुलीशी बसून ती राख उकरत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अक्का, माझ्या वेळेस दोष कुणाचा म्हणतील?"

तेवढ्यात बाहेरून आईने हाक मारली. मी पदर सारखा केला आणि काकांच्या पाया पडायला गेले.