ग मोरयाचा

दिगंबर ओझरकर निवृत्त झाले तेव्हा लोणावळ्यातल्या त्यांच्या शाळेनं त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्या माणसाला आता कुठंच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ का देतात, हे कोडं आजवर एकाही शाळेला सुटलेलं नाही. मास्तरांनी ते घड्याळ स्वयंपाकघरात लावलं आणि घरातच शाळा भरवली. पोळ्यांना उशीर झाला की शेरा, फोडणी करपली की शेरा. "मीठ टाकलं नाही, घातलं म्हणावं," असं त्यांनी इंदिराबाईंना तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बाईंनी झारा खाली ठेवला.

"तुम्ही निवृत्त झालात," त्या म्हणाल्या. "मी कधी व्हायचं?"

मग मास्तर बाजारात निघाले. चिक्कीच्या दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्वदीर्घ तपासायचे, मालकाला बाहेर बोलवायचे आणि भर गर्दीत वेलांटी समजावून सांगायचे. एका मालकानं शेवटी त्यांच्या हातात चिक्कीचा पुडा ठेवला आणि हात जोडून विनंती केली, की आता या अंगाला फिरकू नका. अशा माणसाचं काय करायचं, हा प्रश्न इंदिराबाईंनीच सोडवला. भाजे गावात प्रौढ साक्षरतेच्या वर्गाला स्वयंसेवक हवाय असं कानावर आलं, त्यांनी नवऱ्याचं नाव देऊन टाकलं आणि मग नवऱ्याला सांगितलं.

आधी तळेगावात प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेला तरुण मास्तरांच्या जुन्या विद्यार्थ्यांहूनही लहान होता. त्यानं सगळ्यांना गोल बसवलं, एकमेकांकडं चेंडू फेकत नावं सांगायला लावली आणि जाहीर केलं, की तुम्ही आता शिक्षक नाही, सुलभक आहात. प्रौढ म्हणजे वाढलेलं मूल नव्हे, तो आपलं जगणं बरोबर घेऊन वर्गात येतो, त्याचा मान ठेवा, असंही तो म्हणाला. मास्तरांनी मान डोलावली. जेवणानंतर तीच मान खाली पडली ती चहा येईपर्यंत वर आली नाही.

भाज्याच्या समाजमंदिरात पहिल्या दिवशी त्यांनी घसा साफ करून सांगितलं, "मी तुमचा सुलभक."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. नंदाबाई म्हणून एक ठसठशीत बाई पुढं बसली होती, ती म्हणाली, "आबा, संडास हायेत की आमच्याकडं. घरटी बांदलेत. आता आनि कुटं बांदताय?"

त्या दिवसापासून मास्तर पुन्हा मास्तर झाले.

वर्गात फक्त बायका होत्या. गावातले पुरुष सगळे साक्षर आहेत, असं पुरुषांचं म्हणणं होतं. वर्ग दुपारचा, धुणीभांडी उरकल्यावर आणि धारा काढायच्या आत. मास्तरांनी सवयीनं पहिला धडा खणखणीत आवाजात सुरू केला, तेव्हा मागून एक जण शांतपणे म्हणाली, "सर, जरा हळू. आमी म्हाताऱ्या झालोय, बहिऱ्या न्हाई."

ही मुक्ताबाई केदारी. लेण्यांच्या पायऱ्या सुरू होतात तिथं तिची टपरी होती. शनिवारी-रविवारी पुण्या-मुंबईची पोरं लेणी बघायला येतात आणि भजी खाऊन परत जातात, त्यातली निम्मी मुक्ताबाईच्या भज्यांवर जगायची. पंचक्रोशीत तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. पण वर्गात ती पाटी पुढ्यात घेऊन अशी बसायची, की पाहणाऱ्याला वाटावं देवापुढंच बसलीय.

एकदा मास्तरांनी विचारलं, या वयात कशाला हा खटाटोप? मुक्ताबाई म्हणाली, "घरात समदी कशात ना कशात पास हायेत. मालक चौथी पास. पोरगा दहावी पास. सून सारिका तर पंदरावी. नात सृष्टी दर साली कायतरी पास व्हती. मी म्हंजे नापाससुदिक न्हाई. नापास व्हायला बी परीक्षेला बसावं लागतं."

मास्तर हसले. ती हसली नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

अक्षरं सुरू झाली आणि मुक्ताबाईचं घोडं पेंड खाऊ लागलं. लिहायची ती झकास. ओळ अशी सरळ, की मास्तरांच्या हायस्कुलातल्या पोरांनी बघून शरमावं. पण वाचायला उभी राहिली की भलतंच. भिंतीवर तक्ता होता. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, इथवर गाडी नीट यायची.

"ग?" मास्तरांनी छडी ठेवली.

"मोरयाचा," मुक्ताबाई म्हणाली.

"मोरयाचा म. हा ग आहे. ग कशाचा?"

"गवताचा म्हनू का?"

"चित्रात गवत आहे का? चित्रात काय आहे?"

मुक्ताबाईनं चित्राकडं बघितलं. "सोंडवाला," ती म्हणाली.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. पुढं धडे आले, तिथंही तेच. पुस्तकात 'गणपती आले' असं छापलेलं, ही वाचायची 'देव आले'. 'गणेश चतुर्थी'ला म्हणायची 'चवथ'. 'गणित' शब्द आला तर बिनदिक्कत 'हिशेब'. वर्ग पदर तोंडाला लावून हसायचा, आणि मास्तरांना वाटायचं तिला हसतायत. त्यांनी निदान केलं, बाई अंदाजानं वाचते. अक्षर न बघता चित्र बघून ठोकून देते. उभ्या हयातीत अशी पोरं त्यांनी ढिगानं पाहिली होती आणि त्यांचं पुढं काय होतं तेही पाहिलं होतं.

परीक्षा जवळ आली. आता मास्तरांचं एक दुखणं सांगितलं पाहिजे. त्यांच्या विषयाचा निकाल आयुष्यभर शंभर टक्के लागला होता. तो कसा, तर कच्चं पोर परीक्षेलाच बसू द्यायचं नाही. ही युक्ती महाराष्ट्रातल्या पुष्कळ थोर निकालांच्या मुळाशी आहे, त्यामुळं एकट्या मास्तरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनी मुक्ताबाईला बाजूला घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, की या खेपेला राहू द्या, पुढच्या खेपेला बसा.

मुक्ताबाईनं पाटी पिशवीत घातली, चपला घातल्या आणि गेली. जी बाई दोन रुपयांच्या सुट्ट्यावरून गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची उजळणी करायची, ती एक शब्द न बोलता गेली, याचं मास्तरांना बरंच वाटलं. समजूतदार आहे, असं ते मनाशी म्हणाले. मास्तर लोकांना समोरचा गप्प झाला की तो समजला असं वाटतं.

नंदाबाई मात्र दारात आडवी उभी राहिली.

"सर, तिला का काडली?"

"त्यांना वाचता येत नाही, नंदाबाई. ग म्हणता येत नाही अजून."

"ग येतोय तिला. समदं येतंय." नंदाबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "पर ती कशी म्हनंल? त्ये तिच्या मालकाचं नाव हाय. गनपत. तिनं उभ्या जल्मात घेतलं न्हाई. आरतीला समदं गाव गनपती बाप्पा वरडतं, तवा ही नुसती मोरया म्हनती."

मास्तर खांबाला टेकले. मुलखातली ही रीत त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. पण त्यांच्या आजवरच्या विद्यार्थ्यांना नवरे नव्हते.

मग त्यांना एकेक आठवत गेलं. हीच बाई गवत म्हणाली, गाय म्हणाली, गोठा म्हणाली आणि आपण प्रत्येक वेळी चित्रावर छडी आपटली. 'गणपती'च्या जागी ती 'देव' वाचायची ते अक्षर येत नव्हतं म्हणून नाही, अक्षर बरोबर वाचता आलं होतं म्हणून. वाचल्याशिवाय टाळणार कसं? मास्तरांना आपली स्वतःचीच लाज वाटली, आणि ती वाटण्याची सवय नसल्यानं घरी जाईपर्यंत त्यांना ते पित्त वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते टपरीवर गेले, माफी मागितली आणि म्हणाले, "पण एक अडचण आहे. परीक्षेत आधी स्वतःचं पूर्ण नाव लिहायचं आणि ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. मधलं नाव गाळलं तर नापास."

मुक्ताबाईनं कढईत घाणा सोडला. "परीक्षा घ्यायला येनाऱ्या वडगावच्या बाईला सांगा की, लिवलंय तेवढं बघा म्हनावं."

मास्तरांनी तेही विचारून पाहिलं होतं. परीक्षक बाई भल्या होत्या, पण नियम सगळ्यांना सारखा, असं त्यांनी नम्रपणे कळवलं होतं. नंदाबाई तिथंच होती, तिनं हसत हसत उखाणा जुळवून दिला. "शाळेच्या फळ्यावर खडूची रेघ, गनपतरावांचं नाव घेते, पास करा बेगेबेग."

"माजं काय परत लगीन लागतंय?" मुक्ताबाई म्हणाली. "उखाना हसायला घ्यायचा आसतो. परीक्षेला मी हसायला चाल्ले व्हय?"

"मग नुसतं वाचा ना," मास्तर म्हणाले. "आता त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

"लाजतंय कोन? सासू म्हनायची, नाव घेतलं की मालकाचं आयुष्य कमी व्हतंय. तसं काय व्हत न्हाई, कळतंय मला. पर उगं परीक्षेपायी करून कशाला बगायचं?"

मास्तरांनी रीतिरिवाज, समता आणि विज्ञान या तिन्ही विषयांवर बरंच काही सांगितलं. मुक्ताबाईनं ते भजी तळून होईपर्यंत ऐकलं आणि त्यांच्या हातात बशी दिली.

घरी आल्यावर मास्तर अस्वस्थ होते. जेवताना एकदम म्हणाले, "तू माझं नाव घेतेस?"

"घेते की," इंदिराबाई म्हणाल्या. "बँकेत घेते, दवाखान्यात घेते. वैतागले की मनातल्या मनात तर कितीदा तरी घेते."

मास्तरांनी मग सगळी हकिकत सांगितली. तिचं मन कसं वळवावं, म्हणाले.

"वळवू नका," इंदिराबाई म्हणाल्या. "बाईला अक्षर शिकवायला गेलाय ना? ते शिकवून झालंय. नवऱ्याला कसं बोलवायचं ते तिचं ती बघेल. तुमचं काम तिला परीक्षेला बसवायचं. तुम्ही तुमचा निकाल सांभाळत बसलायत."

मास्तरांना हे झोंबलं. खरं असल्याशिवाय इतकं झोंबत नाही, एवढं त्यांना कळत होतं. ते पुन्हा भाज्याला गेले आणि मुक्ताबाईला म्हणाले, "तुम्ही बसा. मधलं नाव वाचलं नाहीत तर नापास व्हाल. चालेल?"

"चालंल," मुक्ताबाई म्हणाली. "नापास व्हईन, पर बसून व्हईन."

परीक्षा रविवारी होती. रविवारी टपरी बंद ठेवणं म्हणजे दिवाळीला मिठाईचं दुकान बंद ठेवणं. पण मुक्ताबाईनं ती बंद ठेवली आणि चौकडीची नवी साडी नेसून जिल्हा परिषदेच्या शाळेत हजर झाली. चौथीच्या पोरांच्या बाकांत बायका कशाबशा मावल्या. बाहेर कट्ट्यावर गावातले पुरुष जमले होते, म्हाताऱ्या शिंगं मोडून वासरांत कशा शिरतात ते बघायला. त्यात मुक्ताबाईचे मालक गणपतभाऊ केदारी सगळ्यांत पुढं, खिडकीच्या अगदी खाली. टपरी बंद, घरात चूल थंड, जाणार कुठं? "आमची काय डॉक्टर व्हतीया का काय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होते.

लेखी झाली. मग परीक्षक बाईंनी एकेकीला पुढं बोलवलं. नंदाबाईनं आपल्या मालकाचं, बाजीरावाचं नाव उखाण्यात घेऊन टाकलं आणि हशा पिकवला. मग मुक्ताबाईचा नंबर आला. मास्तर दारात उभे होते. त्यांनी ठरवून खाली बघितलं. आपला चेहरा बघून तिनं काही ठरवू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना निकालाची काळजी नव्हती.

"नाव वाचा, मावशी," परीक्षक बाई म्हणाल्या.

मुक्ताबाईनं स्वतः लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "मुक्ताबाई," तिनं वाचलं.

बोट पुढं सरकलं आणि थांबलं. नंदाबाईनं डोळ्यांनी उखाण्याची खूण केली, मुक्ताबाईनं तिच्याकडं बघितलंही नाही. परीक्षक बाईंनी पेन उचललं, पण टेकवलं नाही.

"ग," मुक्ताबाई म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "ण." मग "प" आणि "त." चारही अक्षरं तिनं सुटीसुटी कागदावर बोटानं दाबली. मग एक श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "गणपत."

"ओ," खिडकीखालून आवाज आला.

गणपतभाऊ ताडकन उठून उभे राहिले होते. लग्नानंतर पहिल्यांदाच या आवाजात आपलं नाव ऐकलेला तो माणूस तोंड उघडं टाकून आत बघत होता. कट्ट्यावर कुणीही हसलं नाही.

मुक्ताबाईनं कागदावरची नजर काढली नाही.

"तुमाला हाक न्हाई मारली," ती म्हणाली. "वाचतेय मी."

आणि तिनं बोट पुढच्या शब्दावर नेलं.