नेपाळ, मार्गे अहमदपूर

सायकल चालवली की मैल जमतात आणि नुसती चालवायची ठरवली की किस्से जमतात, असा माझा अनुभव आहे. आम्ही चौघांनी नांदेडहून नेपाळला सायकलीवर जायचं ठरवलं होतं. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. शेवटची आहेत हे तेव्हा अर्थात कुणालाच माहीत नव्हतं. अजूनही जुनं कुणी भेटलं की म्हणतं, "मास्तर, ते नेपाळचं सांगा की." मी एक किस्सा सांगायला जातो, त्याला दुसरा लागून येतो, आणि समोरचा चहा गार होतो.

चौघे कोण ते आधी सांगतो. करीमभाईंचं नांदेडातच, वजिराबादेत सायकलीचं दुकान. आमचा अड्डा तिथंच. बळीराम अर्धापूरचा, घरची केळीची बाग आणि अंगानं पैलवान. मी मिडल स्कूलमध्ये मास्तर. आणि चौथा अनंता, नांदेडात एका वकिलाकडे कारकून, मूळचा अहमदपूरच्या अलीकडच्या एका खेड्यातला.

बेत अनंताचा. त्याच्या घरी पिढीजात पटवारकी होती. त्याचे वडील, सगळे त्यांना नाना म्हणत, थकत चालले होते. गावाकडचं कुणी बाजाराला आलं की त्यांचा निरोप यायचाच : गुडघे धरलेत, ये आणि दफ्तर सांभाळ. एकदा दफ्तर हाती घेतलं की पटवारी गावाला बांधला गेला. पिकांची पाहणी, सारावसुली, जमाबंदी, की परत पाहणी. नाना तालुक्याच्या पलीकडे गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "घेईन ना दफ्तर," अनंता म्हणायचा, "पण आधी एकदा बर्फाचा डोंगर बघीन. मग जन्मभर लोकांचे बांध मोजायला मी तयार हाय."

आम्हा बाकीच्यांना नेपाळ ही गंमत होती. त्याला ती एकुलती एक संधी होती.

•

नेपाळच का? करीमभाईंनी आधी काश्मीर सुचवलं होतं. पण त्यांचे साडू तिकडे शाली आणायला जाऊन आले होते, म्हणून अनंताला ते नको होतं. ओळखीचं कुणी जाऊन आलेलं नाही असा मुलूख त्याला हवा होता. नेपाळचे दरवाजे तेव्हा परक्याला बंद असत. फक्त महाशिवरात्रीला पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंना थोडे दिवस आत सोडतात, एवढं आम्हाला गोदावरीच्या घाटावरच्या एका बैराग्यानं सांगितलं. तिथं रस्ते नाहीत, पायऱ्या आहेत, हेही त्यानंच सांगितलं. सायकलवाल्यांनी हे ऐकून विचार बदलायला हवा होता. आम्ही त्याला आणखी एक चहा पाजला.

बळीरामला एकच शंका होती. "लई चढ असंल न्हाई तिकडं?"

"असणारच," अनंता म्हणाला.

तो बोटानं धुळीत चढ काढत बसला. मग त्याचा चेहरा उजळला. "मग येताना समदा उतारच हाय की!"

त्या दिवशी बेत पक्का झाला.

•

यात्रेकरूंनाच सोडतात हे कळल्यावर एक अडचण उभी राहिली. करीमभाईंचं काय? हा विषय काढायचा कुणी, म्हणून आम्ही दोन-तीन दिवस एकमेकांकडे बघत होतो. शेवटी करीमभाईच चाकाचे आरे ताणता ताणता म्हणाले, "कायकू मुंडी खाली करके बैठे मियाँ? तुमे अंदर जाको दर्शन लेव. मैं बाहर सायकलां संभालतूं और पहाड देखतूं."

"पण शिपायानं अडवलं तर?"

"देवळात जानेसे अडवेगा. पहाड देखने कू कैसा अडवेगा? मैं इधर मुलकाच्या बाहर बैठा, तो बी वो दिखेगाच ना."

माझ्या डोळ्यांपुढे त्यानंतर नेपाळ असा आला की त्यात नेहमी एका दगडावर करीमभाई बसलेले, शेजारी चार सायकली उभ्या, आणि ते मान वर करून बघतायत.

•

नकाशा ही माझी जबाबदारी होती. मास्तर म्हटल्यावर नकाशा माझ्याकडे असणारच, असं तिघांनी धरून चाललं होतं. शाळेत नकाशा होता, पण तो निजाम हुजुरांच्या मुलखाचा. औरंगाबादच्या वर कागद पांढरा, आणि त्यानंतर नुसती भिंत.

तेव्हा शुक्रवारी शाळेला सुट्टी असायची. आम्ही सुतळी घेऊन वर्गात शिरलो. नांदेड ते लातूर सुतळीची एक वीत भरली. तेवढ्या अंदाजानं नेपाळ कुठं येईल ते बघायचं होतं. अनंतानं नांदेडावर बोट दाबून धरलं आणि बळीराम सुतळी घेऊन वर निघाला. नकाशा संपला, भिंत सुरू झाली. बाक लावला, बाकावर स्टूल ठेवलं. सुतळी झरोक्यापर्यंत पोचली, आणि बळीरामनं वरून सांगितलं, "हितं हाय बघा नेपाळ."

तेवढ्यात दारात आमचे हेडमास्तर. हैद्राबादहून आलेले, भारी कडक माणूस. "ये क्या हो रहा है?"

अनंतानं सरळ सांगितलं, "साहेब, नेपाळ शोधतोय."

हेडमास्तरांनी वर झरोक्याकडे पाहिलं. तिथून उजेडाचा एक पट्टा बळीरामच्या तोंडावर पडला होता. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "वहाँ चिड़ियों का घोंसला है. ज़रा सँभल के." आणि निघून गेले.

पुढे वर्षभर मी त्या वर्गात भूगोल शिकवला. पोरांना गोदावरी दाखवताना माझे डोळे झरोक्याकडे जायचे. शिकवण्यात माझं लक्ष नाही असं पोरं म्हणायची, ते खरंच होतं.

•

चढाचा सराव करायचा तर नांदेडात चढ कुठला? गोदावरीच्या पात्रातून घाटाशेजारच्या उतारानं वर यायचं, एवढाच आमचा हिमालय. धोबी हसायला लागले तेव्हा बळीरामनं तोड काढली. "चढ न्हाई तर न्हाई. वजन वाढवा. पायाला काय कळतंय?"

झालं. रोज सकाळी आम्ही अर्धापूरला जायचो आणि केळीचे घड कॅरिअरला बांधून नांदेडच्या बाजारात आणायचो. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. बळीरामचे वडील आम्हाला बघून रोज हसायचे, दूध पाजायचे, पाठीवर हात ठेवायचे. बाकी सगळ्या गावानं आम्हाला येडे ठरवलं होतं, तेव्हा हा एक माणूस आपल्या पाठीशी आहे याचं मला फार बरं वाटायचं.

एक दिवस त्यांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, कवा निघणार नेपाळला?"

"पुढच्या सालची शिवरात्र धरून जायचं म्हणतोय."

"जावा की. पर बागेतले घड उतरल्याबिगर जाऊ नगा. बैलांस्नी बी जरा इसावा मिळून राहिलाय."

•

मग उन्हाळा आला. तालुकदारसाहेबांकडे, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या सर्वांत मोठ्या हाकिमाकडे, लग्न निघालं. सरबतासाठी हैद्राबादहून रेल्वेनं बर्फ आला. लाकडाच्या भुशात पुरलेल्या, गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या. करीमभाईंच्या दुकानातली भाड्याची हातगाडी बर्फ वाहायला स्टेशनावर लागली होती, म्हणून आम्हीही गेलो. बर्फ मी तोवर पाहिला नव्हता. अनंतानंही नाही.

एका लादीचा कोपरा फुटला. करीमभाईंनी त्याचे तुकडे आम्हाला दिले. बळीरामनं तोंडात टाकला, दाढ धरली आणि तिथंच खाली बसला. मी इकडून तिकडे झेलत होतो. अनंतानं मात्र तळहात पसरून त्यावर तो तुकडा ठेवला आणि स्टेशनाबाहेरच्या उन्हात उभा राहिला. तळहात लाल झाला तरी त्यानं मूठ मिटली नाही. मनगटावरून पाणी ओघळून सदऱ्याची बाही भिजली.

तुकडा गेला तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, अख्खा डोंगर असतो याचा. कुणी आणून ठेवत न्हाई, कुणी भुशात पुरत न्हाई. आपला आपणच ऱ्हातो."

त्याच्या त्या चेहऱ्याचा मला हेवा वाटला. माझ्या आयुष्यात असं काही नव्हतं, ज्याच्यासाठी मी उन्हात हात पसरून उभा राहिलो असतो. त्या दिवशी मी मनात ठरवलं की आपण जाऊ न जाऊ, याला जायला मिळालं पाहिजे.

•

आणि आता शेवटचा किस्सा. पौष महिना होता. नेपाळला निघण्याआधी चाचणी म्हणून नांदेड ते लातूर जाऊन यायचं ठरलं. लोहा, अहमदपूर, मग लातूर. करीमभाईंना दुकान सोडता येईना, म्हणून आम्ही तिघेच. वाटेत अनंताचं गाव. त्यानं तिथं मुक्काम मुद्दामच ठेवला होता. "नानांना तोंडावर सांगतो," तो म्हणाला. "आधी नेपाळ, मग दफ्तर. चोरून जाणार न्हाई मी." बाभळीच्या काट्यांनी चाकं चाळणी झाली होती, पण त्याचं लक्षच नव्हतं. सगळ्या वाटेनं तो ते एक वाक्य ओठातल्या ओठात घोळवत होता.

नाना ओसरीवर बसले होते. गुडघ्याला तेल लावलेलं होतं. अनंतानं पाणीसुद्धा न पिता ते वाक्य बोलून टाकलं. आता आभाळ कोसळणार म्हणून मी खांबाला टेकून उभा राहिलो.

नाना म्हणाले, "थंडी किती असते रे तिकडं?"

अनंतानं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, लोक काय खातात. मग विचारलं, डोंगर लांबून दिसतो का जवळ गेल्यावरच. जेवताना विचारलं, अंथरुणं घालताना विचारलं, शिवरात्रीच्या किती आधी निघावं लागेल. अनंताला तर पंखच फुटले. त्यानं झरोका सांगितला, बर्फ सांगितला. नाना हुंकार देत ऐकत होते. झोपताना अनंता माझ्या कानात म्हणाला, "मास्तर, जमलं."

सकाळी उठून बघतो तर ओसरीवर पाटील, कोतवाल आणि गावचे दहा-बारा जण बसलेले. नाना अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून तयार. त्यांनी लाल रुमालात बांधलेलं दफ्तर उचललं आणि अनंताच्या मांडीवर ठेवलं. "तहसिलातून हुकूम आणून ठेवलाय मी," ते म्हणाले. "आजपासून पटवारी तू."

"नाना, रात्री तर तुम्ही... मला आधी जाऊन तरी येऊ द्या."

"आधी नेपाळला मी जातो, तू मागून जा. तुला लेक होईल, तो मोठा होईल, मग जा." नाना त्याच्याजवळ बसले. "माझे वडील वारले त्या दिवशी मी काशीला निघालो होतो रे. पागोटं बांधून उंबऱ्यात उभा होतो. ते पागोटं सोडलं आणि हे दफ्तर घेतलं. आता घ्यायला माणूस मिळालाय, तर मला थांबवू नको."

मी म्हणालो, "पण नाना, तुमचे गुडघे? सायकलीवर एवढ्या लांब?"

"सायकलीवर कशाला?" नानांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "लातुराहून छोटी गाडी हाय. कुर्डुवाडीला मोठी मिळते. पुढं हिमालयाच्या पायथ्यापर्यंत रूळ असतील की."

आमच्या चौघांच्या डोक्यात ही गोष्ट एकदाही आली नव्हती.

नानांनी पिशवी खांद्याला लावली आणि बळीरामच्या सायकलीच्या कॅरिअरवर जाऊन बसले. "चल बाबा, लातुरापर्यंत सोड." बळीरामनं अनंताकडे पाहिलं. अनंता दफ्तर काखेत धरून पायऱ्या उतरला. मला वाटलं, आता हा हँडल धरणार. त्यानं स्वतःच्या सायकलीला बांधलेली वळकटी सोडली, त्यातून नेपाळसाठी घेतलेलं लोकरीचं जाड स्वेटर काढलं आणि नानांच्या अंगात घातलं. खाली वाकून सगळी बटणं लावली, अगदी गळ्यापर्यंत. ऊन चांगलं चढलं होतं.

"गरम होऊन राहिलंय रे," नाना म्हणाले.

"राहू द्या. पुढं थंडी हाय."

सायकल निघाली. ज्वारीच्या शेतांमधल्या वाटेनं ती बराच वेळ दिसत होती. आम्ही सगळे तिकडेच बघत उभे होतो. मग गर्दीतून एक म्हातारा शेतकरी पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "पटवारीसायेब, तेवढं माझ्या बांधाचं बघा की."

अनंतानं मागं वळून पाहिलं. मागं रिकामी ओसरी होती.