धाकटीची कातडी

आमच्या प्रयोगशाळेतली ताई भाजलेल्या माणसांसाठी कातडी वाढवते. त्यांच्याच पेशी ती मऊ जाळीवर पेरते, आणि जाळी वळण लावेल तशा त्या पसरतात. "लेकरांसारख्याच गं," ती हसून म्हणायची.

मग तिची धाकटी बहीणच भाजली. ताईने तिच्या पेशी जिवापाड जपल्या, सुट्टीतही येऊन त्यांचं खाद्य बदललं. कातडी तयार झाली त्याच सकाळी बहीण गेली.

नियमाने आता कातडीच्या काचेच्या बशीत ब्लीच ओतून पेशी मारायच्या होत्या. आमचे साहेब हळूच म्हणाले, "ताई, मी करतो."

"खबरदार हात लावाल तर!" ताई कडाडली.

अजून ती रोज खाद्य बदलते. खड्ड्यात गेला नियम, आम्ही कोणी तिला अडवत नाही. काल बशी उजेडात धरून मला म्हणाली, "बघ, कुठे भाजल्याची खूणसुद्धा नाही."