आधी निवेदन घ्या!

शूटिंगचे किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. चार जण चहाला बसले, एकानं नुसतं ‘तुला आठवतं का रे’ म्हटलं की झालं! मग घरचे फोन वाजत राहतात अन् कुणी उठायचं नाव घेत नाही.

मी बालाजी, नायगावचा. नांदेडात सिरियलवाल्यांना गर्दी पुरवतो. वऱ्हाड म्हणा, बाजार म्हणा, मयत म्हणा, सगळं मिळेल! पण आमच्या कॉलेजवाल्या सिरियलच्या सीझन फिनालेला जी मजा आली ना, तशी पुन्हा न्हाई. फीवाढीविरुद्ध पोरं उपोषणाला बसतात, प्राचार्यांना घेराव घालतात, असा एपिसोड. मी म्हटलं, खोटे विद्यार्थी कशाला, खरेच आणतो!

आमच्या गर्दीत मुखेडची सविता पहिल्यापासून होती, नांदेडात शिकायला राहिलेली. पूर्ण सीझनभर बिचारी हिरोइनच्या मागं उभी राहिली अन् फिनालेत तिला पहिल्यांदा एक वाक्य मिळालं. ‘सर, आधी निवेदन घ्या!’ चहा पितानाही तेच पुटपुटायची. कारण तिच्या वडिलांचा फोन आला होता, ‘लई झालं नाटक. पाहुणे बघायला येऊन राहिलेत. शेवटच्या दिवशी मी न्यायला येतो.’ माणिकराव मुखेडात टेलर. त्यांचा शब्द म्हणजे शब्द!

“भाऊ, माझं वाक्य एडिटिंगला उडवणार न्हाईत ना?” सविता मला रोज विचारायची. “तेवढं एक तरी टीव्हीवर राहू द्या हो.”

मी रोज ‘न्हाई उडवत’ म्हणायचो. माझ्या हातात काय होतं, घंटा!

*

आमचे डायरेक्टर रोहनसर पुण्याचे. त्यांनी घोषणा लिहून आणली, ‘आमच्या स्वप्नांचा लिलाव थांबवा!’ पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एक जण म्हणाला, “सर, एवढं लांबलचक ओरडता ओरडता मोर्चा कलेक्टर ऑफिसच्या पुढं जाईल!”

शेवटी पोरांनीच ‘फीवाढ रद्द करा’ धरलं. पण तेलंगणा-कर्नाटकाच्या सीमेवरची देगलूरची पोरं एकदा मराठीत ओरडायची, एकदा तेलुगूत, एकदा कन्नडात. साउंडवाल्यानं हेडफोन काढून कपाळाला हात लावला. “अरे, हे स्क्रिप्टमध्ये कुठंय?”

“दादा, आमच्याकडं मोर्चा असाच निघतो,” देगलूरचा एक जण म्हणाला. “बाकीच्यांनी काय मुक्यानं चालायचं का?”

*

उपोषणाच्या सीनला तर कहर झाला! सकाळी अर्धा सीन झाला, जेवणाची सुट्टी झाली. जेवून आलो तर मांडवात एकही चेहरा ओळखीचा नाही! कंटिन्युटी बघणारी मॅडम किंचाळलीच. “सकाळची मुलं कुठं गेली?”

“उठली की,” मांडवातला एक जण शांतपणे म्हणाला. “मॅडम, साखळी उपोषण हाय. सकाळी नायगावची बॅच होती, आता आमची पाळी. रोज असंच असतंय.”

नायगावची पोरं चौकात आरामात भजे खाताना सापडली. मांडवात बसून का खाल्लं नाही, विचारलं तर म्हणे, “भाऊ, उपोषणाच्या मांडवात खाल्लं तर गावात तोंड दाखवायला जागा राहील का?”

*

प्राचार्यांचं काम वसंतकाका करायचे. लातूरचा जुना नट, आवाज असा की खिडक्या हादरतील. एकदा मेकअपमध्येच टपरीवर चहाला गेले. तिथं एका गृहस्थानं त्यांचे पायच धरले. “साहेब, पोराच्या ॲडमिशनचं तेवढं बघा की!”

काका म्हणाले, “अहो, मी खरा प्राचार्य नाही, नट आहे.”

गृहस्थ हात जोडून म्हणाला, “साहेब, ॲडमिशनच्या सीझनला सगळेच असं म्हणतात!”

काकांनी शेवटी ‘बघतो’ म्हटलं, तेव्हा कुठं पाय सुटले.

*

घेरावाच्या आदल्या दिवशी ठिय्याचा सीन होता. झक्कास झाला. रोहनसर ‘कट, पॅकअप’ म्हणाले. कुणी हलेना! मी ओरडलो, “अरे उठा, संपलं!”

“कसं उठायचं?” पोरं म्हणाली. “लेखी आश्वासन कुठंय?”

“अरे बाबांनो, हे शूटिंग आहे!”

“असू द्या की भाऊ. पण लेखी घेतल्याशिवाय आजपर्यंत कोण उठलंय?”

शेवटी रोहनसरांनी स्क्रिप्टच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून दिलं, ‘आपल्या मागण्यांचा सहानुभूतीपूर्वक विचार केला जाईल.’ तेव्हा कुठं टाळ्या वाजवत उठली!

*

शेवटचा दिवस. घेरावाचा सीन. अन् माणिकराव आले, पांढरा शर्ट, हातात पिशवी. “बालाजी, सहाची मुखेडची बस गाठायचीय. पोरीला सांग, सामान आवर.”

सविताचा चेहरा एवढासा झाला. “बाबा, एवढा सीन होऊ द्या ना.”

रोहनसरांनी माणिकरावांना पाहिलं अन् म्हणाले, “चेहरा काय भारी आहे! यांना पालकांच्या रांगेत बसवा.” माणिकराव हाताची घडी घालून बसले. बसल्या बसल्याही रागातच होते.

ॲक्शन! सविता पुढं आली. “सर, आधी निवेदन घ्या!” काय म्हणाली हो पोरगी, माझ्या अंगावर काटा आला!

आता स्क्रिप्टप्रमाणं काकांनी निवेदन घेऊन फाडून टाकायचं होतं. पण काका रंगात आले होते. मनाचंच बोलले, “तू कोण गं मला शिकवणारी? बाप कोण तुझा? बोलाव त्याला!”

सविता गोठली. हातात निवेदन तसंच.

पालकांच्या रांगेतून माणिकराव उठले.

“हाव, मी हाय तिचा बाप. काय बोलायचं ते माझ्याशी बोला. पण पोरगी काय म्हणाली, ऐकू आलं न्हाई का? आधी निवेदन घ्या!”

काकांचं आयुष्य स्टेजवर गेलं, पण त्या क्षणी काका सगळं विसरले. पुढं झाले अन् दोन्ही हातांनी निवेदन घेतलं! पोरांनी असा गलका केला की मांडव पडतो की काय वाटलं. रोहनसर कट म्हणायचंच विसरले. मग स्वतःच उड्या मारत आले, “हाच शेवट! सीझनचा शेवट हाच!”

संध्याकाळी मी बापलेकीला गाडीतून स्टँडवर नेलं. मुखेडची बस लागलेलीच होती. माणिकराव चढून खिडकीशी बसले, सविता बॅग घेऊन मागोमाग पायरीवर चढली.

कंडक्टरनं विचारलं, “किती, मामा?”

माणिकरावांनी वळून पोरीकडं पाहिलं.

“एक मुखेड.”