वालाच्या वेलातली रॅकेट

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि बाबांची बदली नागपूरहून इथे झाली. त्या दिवसांत सगळं शहरच घर बदलत होतं. जुन्या बंगल्यांत नवी सरकारी खाती येत होती आणि आतलं सामान फाटकाबाहेर पडत होतं. अशाच एका ढिगातून मी पहिली धातूची टेनिस रॅकेट उचलली. मला टेनिस धड येत नाही. पण वस्तू ओळखायला कुणाशी बोलावं लागत नाही, आणि मला तेच हवं होतं.

हळूहळू पलंगाखाली संग्रह वाढला. सगळ्या अॅल्युमिनियमच्या. अंडाकृती डोकं, कडेला ओळीनं भोकं, भोकांत प्लास्टिकच्या टोप्या आणि त्यांतून ओवलेली जाळी. मला हवी होती ती सुरुवातीच्या काळातली स्टीलची. तिचे फोटो मी सायबर कॅफेत बसून पाठ केले होते. डोकं जवळजवळ गोल. कडेला जाळी ओवायला भोकं नाहीत. त्याऐवजी कडेभर एक बारीक तार गुंडाळलेली असते आणि तारेच्या फेऱ्यांमध्ये जाळी अडकवतात. अशी रॅकेट मी प्रत्यक्षात कधीच पाहिली नव्हती.

संक्रांतीनंतर आई मला तात्यापाऱ्यात, रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीत, एका काकूंकडे हळदीकुंकवाला घेऊन गेली. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. रायपूर मध्य प्रदेशात होतं तेव्हापासून हे कुटुंब इथलं. बायका मागच्या अंगणात उन्हात बसल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे कोपरा धरला. कुणी मराठीत काही विचारलं की मी हिंदीत एका शब्दात उत्तर द्यायची, म्हणजे दुसरा प्रश्न येत नसे. माझ्या मराठीला शाळेचा इंग्रजी वास येतो, असं चुलतभाऊ म्हणायचे. तेव्हापासून ती घराबाहेर काढत नव्हते.

अंगणाच्या कडेला वालाचा वेल बांबूवर चढला होता, शेंगांनी लगडलेला. बांबूच्या टोकाला काहीतरी गोल बांधलं होतं आणि वेल त्यातून आरपार गेला होता. पानं हलली की ते चमकायचं. मी तिळगूळ तोंडात धरूनच बघत राहिले. कडेवर गुंडाळलेलं काहीतरी दिसत होतं. ती तार होती की वेलाचेच वाळके वळसे, ते खालून कळेना.

"काय पाहून राहिली गं पोट्टी?" काकूंनी विचारलं.

"वो... रॅकेट है क्या?"

"हव. आमच्या ह्यांनी रेल्वेच्या क्लबातून आणली होती. खेळले तर कधी नाही. मंग वेलाले आधार म्हणून बांधली."

सगळ्या वर बघायला लागल्या. माझ्या शेजारच्या बाईंचं सदर बाजारात सोन्याचं दुकान होतं. त्या हसून म्हणाल्या, "लग्नाच्या पोरीनं सोनं पाहावं, तर हे लोखंड पाहून राहिली!"

आई मला नजरेनंच "नको" म्हणाली. हळदीकुंकवाला जे देतात ते घ्यायचं असतं, मागायचं नसतं. मी तरीही मागितली.

"आता नाही जमत," काकू म्हणाल्या. "वेल तुटते माझा. होळीनंतर ये. तोवर भंगारवाला नाही घेऊन गेला, तर तुझीच."

भंगारवाल्याचा माल कुठे जातो, ते मला ठाऊक होतं: उरला औद्योगिक वसाहतीतल्या भट्टीत, वितळायला. आणि होळीपर्यंत माझं तोंड पुन्हा मिटलेलं असेल, हेही ठाऊक होतं.

"काकू," मी म्हटलं, आणि या वेळी मराठीत म्हटलं, "मी एकही शेंग न पाडता काढते."

काकूंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "एक जरी शेंग पडली, तर रॅकेट तिथंच राहीन. बोल."

"चालेल."

स्टूल आलं. नवा ड्रेस सावरत मी चढले आणि पहिला वळसा नखानं उचलला. खाली दुसरा वळसा होता. तो हिरवा नव्हता. तार होती ती, काळवंडलेली, कडेभर एकसारखी गुंडाळलेली. वालाचा वेल आधाराभोवती फिरत चढतो, म्हणून त्याला उलट फिरवत सोडवायचं. ओढलं की संपलं. खालून सूचना येत होत्या. "डावीकडून घे!" "अवो, डावीकडून काहून, उजवीकडून!" एवढ्यात जांभळं काहीतरी गळून खाली पडलं.

"पडली!" सोन्याच्या दुकानवाल्या बाई ओरडल्या.

काकूंनी वाकून पाहिलं. "फूल आहे ते. शेंग नाही. चालू दे, बेटा."

मोकळ्या झालेल्या शेंड्यासाठी काकूंनी स्वतःच मोडक्या छत्रीचा सांगाडा आणला. मी तो उघडून बांधला, वेल त्याच्या काड्यांवर अंथरला, आणि रॅकेट दोन्ही हातांनी धरून खाली उतरले. जाळी केव्हाच गेली होती. मुठीचं चामडं उसवलं होतं. डोकं गोल होतं, गळ्याशी दोन नळ्यांमध्ये मोकळी जागा होती, फोटोतल्यासारखीच.

"आई, तुझी पर्स दे."

"आता पर्स काहून?"

पर्सच्या झाकणाला लोहचुंबकाचं बटण होतं. ते मी नळीला लावलं. चट्कन चिकटलं. पर्स सोडून दिली तरी रॅकेटला लटकत राहिली. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे मी तिथे सगळ्यांना सांगितलं. मग तार का गुंडाळतात, जाळी कुठे अडकवतात, तेही. कुणी विचारलं नव्हतं. सोन्याच्या दुकानवाल्या बाईंनी नळीवरून बोट फिरवलं, दागिना पारखावा तसं, आणि म्हणाल्या, "पॉलिश केलं तर चमकीन बरं."

काकूंनी रॅकेटला हळदीचं बोट लावलं आणि चहाची गाळणीही हातात ठेवली. "वाण वेगळं. ते तर घ्याच लागते."

परतताना सदर बाजारात गाड्यांची कोंडी होती. आई स्कूटर चालवत होती, मी मागे रॅकेट उभी धरून. शेजारच्या मोटरसायकलवरचा माणूस वाकून म्हणाला, "दीदी, मच्छर मारने वाला है क्या?"

एरवी मी मान फिरवली असती.

"टेनिस का है, भैया!" मी हॉर्नच्या वर आवाज चढवून ओरडले. "असली स्टील का!"

आईनं आरशातून माझ्याकडे पाहिलं, आणि तीही जोरात हॉर्न वाजवायला लागली.