गुणाजीचं गाऱ्हाणं

माझा बाप गुणाजी चिडला की आवाज चढवत नाही, चष्मा पुसतो. त्या दिवशी इतका पुसला की आई म्हणाली, "अहो, काच झिजेल."

चिडणार नाही तर काय करेल? लालबागला आमच्या गावच्या मंडळाची खोली आहे. तिथे पूजा होती. पूजेनंतर गाऱ्हाणं. एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. शब्द ऐकतो कोण? "रे म्हाराजा" कानावर पडलं की आमच्या माणसांचं तोंड आपोआप उघडतं. अध्यक्ष विकासने नेमकं तेच हेरलं आणि त्या दिवशी गाऱ्हाणं स्वतःच घातलं. पोराबाळांना सुखी ठेव, व्हय म्हाराजा. नोकरीधंद्याला यश दे, व्हय म्हाराजा. तुझ्या राईतली झाडं काढून जत्रेसाठी मोठा मंडप आणि गाड्यांना जागा करतोय, मान्य करून घे रे म्हाराजा. "व्हय म्हाराजा!" साठ माणसं ओरडली. त्यात माझा बापही.

घरी येताना जिन्यात त्याच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते.

ती राई म्हणजे गावची देवराई. तिच्या पायथ्याशी झरा आहे. मे महिन्यात खालच्या वाडीला तेवढंच पाणी, आणि झाडं गेली की तेही आटणार. बाबांची बहीण, रखमा आत्या, अजून तिथूनच कळशी भरते. बाबा गिरणीत साचेखात्यात, मागावर होते. गिरणी बंद पडली, तर करी रोडच्या टॉवरवर वॉचमन झाले. पण मे महिन्याची रजा कधी आरामात घालवली नाही. दहा माणसं घेऊन गावी जायचे आणि झऱ्यातला गाळ उपसायचे. जत्रेत थर्माकोलच्या ताटल्या आल्या, तेव्हा भांडून पत्रावळी परत आणल्या त्यांनीच. आणि हा विकास वर्षातून दोन दिवस गाडी घेऊन जाणार, म्हणून तिथे पेव्हर ब्लॉक! संताप नाही येणार?

बाबा त्याला भेटायला गेले. मीही गेले सोबत. विकास हसून म्हणाला, "काका, तुम्हीच व्हय म्हटलात ना? देवासमोर. आता बदलून दाखवा."

बाबांनी चष्मा काढला.

पुढच्या रविवारी मंडळाच्या खोलीत झाडं काढायच्या ठरावावर सह्या होत्या. आम्ही बायका नेहमीप्रमाणे दारात, चहाचे कप धरून. बोलायचा हक्क नाही, कप विसळायचा आहे. सभा सुरू करायला गाऱ्हाणं लागतंच. बाबा उठले. "वयान मोठो मी. आज मी घालतंय." नाही कोण म्हणणार?

सगळे हात जोडून उभे राहिले. बाबांनी सुरुवात साधीच केली. "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरा आज हय जमली असत, तेंचो सांभाळ कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"मुंबैत असलेल्यांका, गावात असलेल्यांका सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

बाबांचा आवाज तसाच राहिला, सपाट. "जो कोण तुझ्या राईत कुऱ्हाड घालीत, जो कोण त्या कागदावर सही करीत, तेच्या घरचा पाणी आटान जांवदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हा—"

पुढच्या रांगेतल्यांचं बोलून झालं होतं. मागच्यांनी अर्ध्या शब्दावरच तोंडं मिटली. विकासचा आवाज सगळ्यांत मोठा होता, तो पूर्ण शब्द बोलून बसला. मी कप खाली ठेवला.

"काका, ही चीटिंग आहे!" विकास ओरडला.

"चीटिंग?" बाबा म्हणाले. "तूच व्हय म्हटलंस ना? देवासमोर. आता बदलून दाखव."

मग ठरावाचा कागद फिरायला लागला. एक जण पेन घ्यायचा, वाचल्यासारखं करायचा आणि शेजाऱ्याकडे द्यायचा. साठ माणसं, साठ हात. कागद पुन्हा टेबलावर आला तेव्हा त्यावर एकही सही नव्हती.

विकासने पेन उघडलं. दारातून मी ओरडले, "कर ना सही! कर की!"

त्याने पेनाला टोपण लावलं.